कंस न लावता

झाकीरचा प्रोग्रॅम तिसऱ्यांदा कोसळला.
अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
सहा कॉम्प्युटर, त्यातला एक मुका.
म्हटलं, कंस काढ.
नावापुढे कंस लावलास की काम होऊन जातं,
हातात उरतं ते झालेलं.
पुढच्या फंक्शनला झालेलं नकोय,
त्याला करणं हवंय.

करणं कसं देणार मॅडम?
करणं काय वस्तू आहे?

मी पुस्तक मिटलं.
आपण नाही का धुणं भिजत घालत,
दळण ठेवून येत गिरणीत, डब्यावर नाव टाकून,
अर्धं विणणं पिशवीत घालून
माहेरी नेत?
क्रियापदंच होती ही सगळी.
कधीतरी येऊन बसली नामांच्या पंगतीला,
आणि कोणी त्यांना उठवलं नाही.
शिवाय क्रियापदाच्या पोटात एक 'व' सरकवला
की करणाऱ्याचा करवणारा होतो,
स्वतः सुईला हात न लावता
शिवण्यालाच कामाला लावतो.

झाकीर वहीत काहीतरी गिरवत होता. मग म्हणाला,
भद्रकालीत अब्बांकडे लोक पातेली आणायचे.
कथील, नवसागर, कापसाचा बोळा,
संध्याकाळी पातेली चकचकीत घरी.
एकदा ओझरहून एक बाई आल्या, रिकाम्या हाताने.
म्हणाल्या, भांडं नाही आणलं, कल्हई द्या.
अब्बांना द्यायला तीन महिने लागले.
त्या गेल्या तेव्हा दुकानातून
काहीच कमी झालं नव्हतं.
फक्त त्या अजून म्हणे
नवसागर टाकताना मान डावीकडे वळवतात.
उघड्या अंगणात बसतात त्या,
धूर कुठूनही जातो.
पण आमच्या दुकानाचं दार
डावीकडे होतं.

मी गप्प झाले.
हा धडा पुढच्या आठवड्याचा होता:
फंक्शन जिथे घडलं
ती खोली सोबत घेऊन निघतं.

त्याने दोन कंस खोडले.
यादी उतरली पडद्यावर, सरसर.
सातवा आकडा चुकला होता,
पण तो वेगळा दोष.

जिना उतरताना विचारलं,
अब्बा अजून बसतात दुकानात?
नाही, दुकान गेलं. अब्बाही.
चपलेत पाय सरकवत तो म्हणाला,
कल्हई ओझरला असते.