सातवी नोंद

तळघरात तापमान तेवीस, वर्षभर तेवीस.
बाहेर तार्तू शहर उणे सतराला गोठलेलं,
नदीवरून माणसं सायकली ढकलत नेताहेत,
आणि लेइदा कूसमा दाराशी बूट काढून आत येते
हात न चोळता.
चोळले तर ऊब, ती म्हणते,
आणि ऊब लागली की पितळ फुगतं.

आज आलेला तुकडा अंगठ्याएवढा.
पाठीवर कोरलंय : वीस डेसिबल.
म्हणजे शंभर आत जावेत, एक बाहेर यावा.
उरलेले नव्व्याण्णव कुठे जातात,
मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
"ऊब होतात," ती म्हणाली. "शेवटी सगळ्याचीच ऊब होते."
मग जरा थांबून :
"हे वहीत लिहू नकोस. हे मोजलेलं नाही."

लहर जेमतेम तीन मिलिमीटरची,
तिची वाट तिळाएवढ्या चौकोनी खिडकीतून.
खिडकीला खिडकी भिडवायची. चार स्क्रू.
एक पिळला की तिरका समोरचा,
किल्ली टक् म्हणेपर्यंत, त्यापुढे नाही.
शेजारी आमचं प्रमाण-यंत्र :
पोटात एक पातळ पातं, बाहेर अंशांची चकती.
पातं पंचेचाळीसवर वळवा, रुपयातले चार आणे उरतात.
साठवर एकच आणा.
कोनाला खोटं बोलता येत नाही,
म्हणून ती कोनावर विसंबते.

जोडा, मोजा, सोडा. पुन्हा जोडा. दहा वेळा.
वीस पूर्णांक शून्य एक.
शून्य दोन. शून्य एक. शून्य एक.
शून्य दोन. शून्य एक.
आणि सातव्यांदा, शून्य नऊ.

तिने सगळं उलगडलं.
भिंगाखाली कडा पाहिल्या, दिवा तिरपा धरून.
कचरा नाही, ओरखडा नाही, केससुद्धा नाही.
आठवी नोंद पुन्हा शून्य एक,
जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

आर्वो वरून जिना उतरून आला.
"सातवी काढून टाक. ग्राहक घाईत आहे."
"कारण सापडलं तुला?"
"नाही."
"मलाही नाही. मग ती राहील."
तो गेला. जिन्यावर त्याच्या पायांचा राग
बराच वेळ मोजण्याजोगा होता.

दाखल्यावर तिने लिहिलं :
वीस पूर्णांक शून्य दोन,
अधिक-उणे शून्य पाच.
त्या अधिक-उण्यात ती सातवी नोंद अजून बसून आहे,
बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखी,
आणि तिच्यापायी आमची खात्री
दुपटीहून जास्त पातळ झाली.
ग्राहकाचा फोन आला. तो मी घेतला.
काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

दुपारी काळी पाव-भाकरी, खारवलेले मासे.
खाता खाता तिने सांगितलं,
डॉक्टर म्हणतो डाव्या कानातले चाळीस डेसिबल गेले.
"मी विचारलं, अधिक-उणे किती?
तो नुसता हसला."
भाकरीचा तुकडा तिने नीट मोडला.
"चाळीस असतीलही," म्हणाली.
"पण त्याने एकदाच मोजलं."

तेव्हापासून मी
तिच्या उजव्या हाताला बसतो.