सतरा नंबर

पेनड्राइव्ह त्यानं रुमालाच्या गाठीत आणला होता,
अंगारा आणावा तसा.
"आमचं पोरगं हाय ह्यात. सतरा नंबर.
पुण्याला पाठवायचं हाय, निवड हाय म्हणत्यात.
तेवढं उठून दिसाय पाहिजे बघा, ताई."

मी लग्नं एडिट करते.
हळदीचा पिवळेपणा उतरवणं,
सप्तपदीत मागं उभं राहून फोनवर बोलणारा मामा कापणं,
ही माझी कामं.
मला ऑफसाइड कळत नाही,
आणि हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

दोन पेठांची मॅच, भर उन्हातली.
कुणीतरी समोरच्या गॅलरीतून घेतलेली,
मधेच कॅमेऱ्यासमोरून चिरमुऱ्यांची पाटी जाते.
सतरा नंबरच्या पायाखाली मी एक पांढरं रिंगण घातलं,
बाकी मैदान तीस टक्के काळं केलं
आणि चालू लागले त्याच्या मागं.

एका सेकंदाला पंचवीस चित्रं.
पंचवीस वेळा तेच रिंगण
बोटभर पुढं, बोटभर मागं.
खाली गाळ्यात नामदेव खराडेंचं लेथ फिरत होतं,
टेबल थरथरायचं, माझा माउसही.

पहिल्या हाफात बॉल त्याला चारदा मिळाला.
उरलेला वेळ तो नुसता पळत होता,
हात वर करून, दे, दे,
आणि कुणी देत नव्हतं.
रिंगण मात्र इमानानं त्याच्याबरोबर.
इतक्या उजेडात इतकं रिकामं पळणं
मी कुठल्या नवरदेवाचंसुद्धा पाहिलं नाही.

चौतिसाव्या मिनिटाला कॉर्नर.
सगळे एकाच धुळीत शिरले.
सॉफ्टवेअर गोंधळलं,
रिंगण रेफ्रीच्या बुटाला चिकटलं
आणि त्याच्याबरोबर निघून गेलं.
मागं घेतलं. पुन्हा रेफ्री.
पुन्हा.

तेव्हा दिसला पलीकडच्या पायऱ्यांवर, तिसऱ्या ओळीत,
एक माणूस. डोक्यात हेल्मेट. काच खाली.
सगळ्यांची तोंडं डावीकडं, बॉलकडं,
ह्याचं एकट्याचं उजवीकडं.
मी हेल्मेटच्या नाकासमोर रेघ धरून सरकत गेले.
रेघेच्या टोकाला सतरा नंबर,
मधल्या रेषेवर वाकून मोजा वर ओढत होता.

मग रिंगण हरवलं की
मी हेल्मेटला विचारायचे.
ते एकदाही चुकलं नाही.
गोल झाला तेव्हा अख्खी गॅलरी उठली,
कुणाचा तरी टॉवेल हवेत गेला.
हेल्मेट खालीच.
कारण पोरगं खाली बसलं होतं,
पोटरीत गोळा आलेला,
आणि गोलाच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात नव्हतं.
पोरगं उठलं,
मग हेल्मेट उठलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला,
शिरोलीच्या फाउंड्रीची काळी भुकटी कानामागं तशीच.
चार मिनिटं दहा सेकंद.
खुर्ची दिली, बसला नाही.
संपल्यावर म्हणाला, "झ्याक झालंय."
मग पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट.
"तेवढ्या त्या पायऱ्या आणि काळ्या करा.
पोरगं वळखंल."

"वळखू दे की."

"न्हाई ओ. मी बघतोय कळलं
की त्याचा पाय चुकतोय. बारका होता तवापासनं.
त्याला सांगितलंय, शिफ्ट हाय, जमत न्हाई."

हेल्मेट त्याच्या काखेत होतं.

मी पायऱ्या ऐंशी टक्के काळ्या केल्या.
माणसं गेली, टोप्या गेल्या, टॉवेल गेला.
एकाच ठिकाणी काचेवर
तांदळाएवढी तिरीप राहिली,
सतरा नंबर जाईल तिकडं वळणारी.

"ते काय?"

ऊन आहे, म्हटलं.
ऊन काढता येत नाही मला.

काढता येतं.