दोन मिलिसेकंद

ओइली हाकानेनच्या वाट्याला आलेत
दोन मिलिसेकंद.
सोळांमधले चार सावल्यांनी नेले, तीन पाण्याने,
केसांनीसुद्धा दीड;
उरलंसुरलं धूसरपणाला.
“एवढ्यात बसव,” यार्को म्हणाला
आणि कॉफीचा मग घेऊन गेला.

ताम्पेरे. जुन्या कापडगिरणीचा तिसरा मजला,
दुपारी तीनलाच दिवेलागण.
खाली धबधब्यातून वाफ उठतेय, उणे बावीस.
पडद्यावर एक मुलगा, हातात कंदील,
मागे तळ्याकाठी दिव्यांची रांग.
मुलगा रेखीव हवा. दिवे विरघळलेले.

खरं भिंग हे फुकटात करतं.
एका ठिणगीचे किरण त्याच्या रुंद काचेवर पांगतात,
पलीकडे ठरल्या जागी भेटतात,
आणि जागा चुकली
की ठिणगीचं वर्तुळ होतं.
इथे मात्र प्रत्येक चुकामूक मोजून द्यावी लागते.

म्हणून काटकसर.
चित्र आधी निम्मं करायचं.
मग प्रत्येक ठिपक्याने शेजारी जाऊन
विरजण मागावं तसा रंग मागायचा,
सगळ्या आळीत नाही, सोळा घरी फक्त.
पहिल्या रात्री मुलाच्या कानाचा लाल तळ्यात सांडला.
“दूरच्याने जवळच्याकडून काही घ्यायचं नाही,”
तिने नियम लिहिला,
आणि स्वतःशीच हसली.

अडलं ते गवताच्या पात्यापाशी.
पातं अगदी पुढ्यात, म्हणजे धुरासारखं व्हायला हवं,
आरपार दिसायला हवं.
पण आरपार काय?
सुईच्या भोकातून काढलेलं हे चित्र,
पात्यामागे त्याने कधी पाहिलेलंच नाही.
रुंद डोळा असता तर
दोन्ही अंगांनी वाकून बघून आला असता.

टेबलावर वडिलांनी काढलेला एक फोटो आहे.
पिस्पालाच्या टेकडीवर आई, कठड्यापलीकडे.
कठडा इतका जवळ की नाहीसाच झालाय,
त्याच्यातून आई अख्खी, हातमोजा दातांत धरून.
मागच्या गावातला प्रत्येक दिवा षटकोनी
आणि प्रत्येकाचा एकच कोपरा तुटका:
इल्मारींच्या भिंगातलं एक पातं वाकलं होतं,
दुरुस्तीला टाकतो टाकतो म्हणत
राहून गेलं.

पात्यामागे ती शेवटी अंदाज भरते.
कडेचं तळं आत ओढून घेते, थोडं ताणून.
खोटं आहे. हलत्या चित्रात कोण पकडणार.

दोन पूर्णांक तीन.
सोळा घरांची बारा केली. दोन पूर्णांक एक.
निम्म्याचं आणखी निम्मं, जिथे फार धूसर आहे तिथेच.
एक पूर्णांक नऊ.

आता हातात एक दशांश शिल्लक.
ती षटकोनाच्या आकड्यांत जाते,
एक कोपरा किंचित आत ढकलते.
याला वेळ लागत नाही, आकडा बदलतो फक्त.

यार्को मागे येऊन उभा राहतो.
बराच वेळ बघतो.
“दिव्यांना काय झालंय?”
“काही नाही,” ओइली म्हणते, “बसलं दोनात.”