बंद करायला दोघींची

उघडायला कुणाही एकीची सही पुरते,
बंद करायला दोघींची लागते,
दांडिया बाजारच्या बँकेतले पंड्याभाई म्हणाले,
"बंनेनी सही जोईशे, बेन,"
आणि चष्म्यावरून पाहत राहिले,
कारण अकरा वर्षं आम्ही जोडीनंच येत होतो,
लक्ष्मीपूजनाच्या आधी, लग्नसराईच्या आधी,
एकदा तर नुसत्याच, वैशाखात, एसीत बसायला.

निरंजनला लॉकरचा नंबरही माहीत नाही.
घटस्फोट त्याचा आणि माझा,
लॉकर माझा आणि त्याच्या आईचा.
पारुलबेन वकील म्हणाल्या, आधी हे मोकळं करा,
पुढच्या तारखेला यादी द्यायचीय.

आई आल्या इस्त्रीची साडी नेसून.
पिशवीत मऊ फडकं, पाटल्यांसाठी.
"तुझ्या माहेरचं तू घे. पाटल्या माझ्या सासूच्या,
त्या घरात राहतील."
मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
किल्ली फिरवली.

दोनशे सतरा. सगळ्यात खालचा खण.
त्यांचे गुडघे दुखतात म्हणून नेहमी मीच वाकायची,
त्या वरून सांगायच्या, हे ठेव, ते काढ.
आजही मीच वाकले.

शर्वाणीचे वाळे निघाले, काळे पडलेले,
माझी मोहनमाळ,
एक चांदीचं ताम्हन, ज्यावर दोघींनीही हक्क सांगितला नाही,
आणि पाटल्यांची लाल मखमली डबी,
फार हलकी.

आत चार घड्यांची पावती.
आईंना जवळचं दिसतं, लांबचं नाही,
म्हणून सगळं वाचता आलं:
एकेचाळीस ग्रॅम. गोल्ड लोन. रक्कम. तारीख.
कर्जदार म्हणून माझं नाव.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये तिसरं लेथ आलं, त्या वर्षीची तारीख.
मशीनपुढे नारळ आईंनीच वाढवला होता,
बिल्डिंगभर पेढे वाटले होते,
माझ्या निरूनं बघा, स्वतःच्या हिमतीवर,
आणि मी शेजारी ताट धरून उभी.
"आईला सांगू नकोस," तो म्हणाला होता. नाही सांगितलं.
(चांगुलपणा नव्हता तो. मला वाटायचं,
दोघांत एखादं गुपित असलं की संसार टिकतो.)

बराच वेळ नुसता पंखा.
मग त्यांनी विचारलं, लेकाचं नाव न घेता,
दूधवाल्याचं बिल विचारावं तसं,
"व्याज कोण भरतं?"
"मी. महिन्याला अकराशे."
"अजून?"
"अजून."

पावती त्यांनी पर्समध्ये टाकली. चेन ओढली.
"आई, ती यादीला जोडायचीय."
"मग मी काय दाखवू त्याला?"
एवढ्यात पंड्याभाई डोकावले, जेवणाची सुट्टी होत आली होती.

समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.
मूळ मला, प्रत त्यांना. दोन रुपये.
मी पाकीट चाचपेपर्यंत त्यांनी पाचाचं नाणं दिलं.
सुटे नाहीत म्हणून त्यानं गोळ्या पुढे केल्या,
तर अशा तापल्या त्या, त्या पोरावर, तीन रुपयांसाठी,
की रस्त्यातली माणसं थांबली.
मी मध्ये पडले नाही.
मग गोळ्या घेतल्या, वाळ्यांसोबत फडक्यात बांधल्या,
"शर्वाणीला दे. काळे पडलेत, चिंचेनं घास."

रिक्षाला हात मीच केला,
आणि सांगूनही टाकलं एका दमात,
करेलीबाग, पाण्याची टाकी, मेडिकलच्या मागची गल्ली,
धीमे लेजो भाई, बाने घूंटण दुखे छे.
आधार कार्डावर माझा अजून तोच पत्ता आहे.

बसल्यावर त्या म्हणाल्या, समोर बघत,
"या महिन्याचं भरू नकोस."
मग कोण भरणार, ते बोलल्या नाहीत.
रिक्षा सुटली.

पाच तारीख आली.
संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग भरलं.
उगीच दंड कशाला.