पुतळ्याची छाती

दांडिया बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये
दर दुसऱ्या रविवारी मी त्याला सतरंजीवर निजवतो.
रबरी, गुळगुळीत, पुरुष.
घाम नाही, केस नाहीत, लाज नाही.
सतरा वर्षं मरतोय माझ्या हाताखाली
आणि चहाच्या वेळेपर्यंत जगतो.

एक पट्टी गळ्याच्या हाडाखाली, उजवीकडे,
दुसरी डाव्या काखेखाली, बरगडीवर.
मग प्रश्न.
आखाड्यातले शिर्के शर्टाचं बटण काढून,
"या जंगलात चिकटेल?"
डब्यात वस्तरा आहे, पहिलवान. मिशीला धक्का नाही.
टिपणीसांच्या छातीत काडेपेटीएवढा उंचवटा :
त्यावर नको, चार बोटं बाजूला.
त्यांचं घड्याळ त्यांचं, आपलं आपलं.
तळ्यातून काढला असेल तर आधी पंचा.
आणि मूल?
एक पट्टी पुढे, एक पाठीवर,
तापात आपण त्याला दोन तळव्यांत धरतो तसं.
लहान पट्ट्या नसल्या तर मोठ्याच.
थांबू नका.

बाईचं कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

अष्टमीला गरब्याच्या मैदानात
पागेंची रजनी पडली.
वर्तुळ अजून दीड फेरी फिरत राहिलं,
ढोलाला कळलंच नाही.
यंत्र म्हणालं, छाती उघडी करा.
स्वच्छ हिंदीत. दोनदा.
चोळीभर आरसे,
आणि आरशाआरशातून एकेक माणूस
माझ्याकडे बघणारा.
कात्री हातात, आणि मी,
गुप्तेभाई, सतरा वर्षांचा अनुभव...
नंतर कुणाच्या तरी मोबाइलवर मोजलं :
अकरा सेकंद.

एका अनोळखी पोरीनं ओढणी ताणली,
चौघींनी आमच्याकडे पाठ करून भिंत केली.
"कापो ने, काका!"
कापली.
हार मानेमागे, घाम ओढणीनं पुसला,
पट्टी चिकटली.
"दूर व्हा," यंत्र म्हणालं.
दूर तर सगळे आधीच होते.

डिसेंबरात ती हॉलवर आली,
पिशवीत दोन तुकडे.
"तीन महिने लागले होते हिला. भुजहून."
मी पाकीट काढलं. ती हसली,
सतरंजीवर बसली, सुईत दोरा ओवला,
आणि चोळी पुतळ्याला चढवली.

आता दर दुसऱ्या रविवारी कुणीतरी ती कापतं.
पहिल्यांदा हात थरथरतोच.
मी घड्याळ लावतो, बोलत नाही.
नंतर रजनी ती घरी नेते, पुन्हा शिवते.
आरसे थोडेच उरलेत.
टाके ती मुद्दाम
सैल घालते.