पावती क्रमांक १४७

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
दुसऱ्यांच्या. सुटताना झडती,
खिसे उलटे करून दाखवायचे, मग घर.
आता देवळाच्या दुरुस्ती फंडाचा खजिनदार आहे
आणि खिसे उलटे करायला लोकांना सांगतो.

अंदाजपत्रक बेचाळीस लाख, वाळवी वेगळी.
जुन्या इमारतींच्या जाणकार इरावती बर्वे
भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणाल्या,
सिमेंट कुणी चोपडलं हे?
पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.
एकोणनव्वद साली मीच उभं राहून करून घेतलं होतं,
स्वस्तात, वर अभिमानानं.
दगडाला घाम येतो, बाई म्हणाल्या,
तुम्ही त्याला रेनकोट घातलात.

मग चुना आला.
चुना, गूळ, भिजवलेला हिरडा, बेलफळाचा गर.
उस्मान गवंडी पंधरा दिवस टाकीत कालवत राहिला
आणि सगळ्या कंपाउंडला काढ्याचा वास,
घरात कुणी आजारी असावं तसा.
बेल? तरुण संघातल्या एकानं विचारलं. आपल्या देवळात?
उस्मान म्हणाला, बांधलं तेव्हापासून आहे.
तुमच्या आधी तोच आत आला.

पैसे मात्र कालवून वाढत नाहीत.
एक बिल्डर आले, पांढरे बूट घालून.
सगळा खर्च मी करतो,
फक्त मागची चिंचेखालची जागा द्या
आणि दाराशी संगमरवरात माझ्या आईचं नाव.
त्या चिंचेखाली माझी आई आहे, बिनसंगमरवराची.
मी चहा पाजला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, एवढं खरं.

उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव केला.
भोपळा साडेतीनशे, द्राक्षांची पेटी नऊशे,
पिंपळगावच्या भाच्यानं टाकलेले दोन गोणी कांदे,
आणि अब्राहाम पठाऱ्यांचा तांबडा कोंबडा.
जो घेई तो पैसे मोजून कोंबडा परत टेबलावर ठेवी,
पुन्हा बोली.
अकरा वेळा विकला गेला बिचारा.
सव्वीस हजार चारशे.
बाराव्यांदा कुणाचा हात वर झाला नाही,
तेव्हा तो देवळाचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई लोंढे आल्या.
चष्म्याला दोरा, काखेत गीतांचं पुस्तक,
पुस्तकात चार नोटा.
पाचशेच्या. जुन्या. बंद झालेल्या.
नवऱ्यानं ठेवलेल्या, त्यांना आत्ता सापडलेल्या.
हातात घेताच कळलं, ह्या आमच्या.
कदाचित माझ्याच टेबलावरून गेलेल्या,
शाईचा वास ताजा होता तेव्हा.

चालतील ना? त्यांनी विचारलं.
चालतील.
त्यांना कमी ऐकू येतं. चालतील ना रे?
चालतील, बाई.
काठी उचलताना परत, बहुधा स्वतःलाच, चालतील ना?
चालतील! मी ओरडलो,
आणि मागच्या खुराड्यातून तो तांबडा आरवला,
सकाळी साडेदहाला, भर उन्हात.
माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

पावती फाडली.
रोख रुपये दोन हजार फक्त.
पेन्शनमधून भरले. बायकोला सांगितलं, गॅसची शेगडी दुरुस्त करायची आहे.
शेगडीला काही झालेलं नाही.

चार नोटा दोन दिवस माझ्या खिशात होत्या,
कुणी झडती घेतली नाही.
मग उस्मानला दिल्या. त्यानं काही विचारलं नाही,
उत्तरेच्या भिंतीत एका दगडामागे सरकवल्या,
वर थापी मारली.
चुन्यात कागद टिकत नाही. मला कोण सांगणार,
माझा जन्म कागदात गेला.

अजून एकोणतीस लाख कमी आहेत.
पूर्वेचं छत ताडपत्रीखाली,
घंटेचा लोलक तांबट आळीत पडून,
तिथला कारागीर रोज म्हणतो, उद्या.
पण उत्तरेची भिंत यंदा ओली झाली नाही.
रविवारी मार्थाबाई तिला टेकूनच बसतात
आणि उपासना संपली की मला गाठून तक्रार करतात,
इथं फार गार लागतं रे.