मूळ गाव पाण्यापलीकडं

भाताची मळणी उरकली की सिद्राम हेळवी येतो.
बाप बैलावरून यायचा, हा टीव्हीएसवरून,
हँडलला बांधलेली घंटा मात्र बैलाचीच.
घोंगडं पसरतो, चोपडी कपाळाला लावतो
आणि कानडी अक्षरांतून आमचं मराठी घराणं
एका दमात वाचतो,
उतारावरून सायकल सोडावी तसं.

रामू, रामूचा बाप यल्लू, यल्लूचा बाप मसणू…
सातव्या नावाला दम संपतो:
दान्या किणेकर. पलटणीच्या घोड्यांना नाल मारणारा.
डोळे मांजराचे. मूळ गाव पाण्यापलीकडं.

लहानपणी मला वाटायचं, पाणी म्हणजे मार्कंडेय नदी.

औंदा पत्र आलं पेनसिल्व्हेनियाहून.
मार्गारेट किनिली, वय बहात्तर, निवृत्त नर्स.
कॅम्पातल्या चर्चच्या जुन्या वहीत तिला आमचं गाव सापडलं.
पाकिटावर एवढंच: किनिली, किंवा तसंच काही, किणये, बेळगाव.
पोस्टमननं चार किणेकरांकडं फिरवून
शेवटी आमच्यात टाकलं. डोळ्यांवरून.

आत चादरीएवढा कागद.
सगळ्यात वर आयर्लंड, कॉर्क परगणा, दोन भाऊ.
थोरला टिमथी, सन सतराशे बेचाळीस,
जहाजाचं भाडं फेडायला सात वर्षं
दुसऱ्याच्या शेतात राबला. मग
ससक्वेहॅना नदीकाठी तीनशे एकर.
त्याच्याखाली पानंच पानं: सुतार, पाद्री, दोन शेरीफ,
एक जुळी, एक घोड्यावरून पडलेला.
धाकट्याखाली एकच काटकी, तिच्या टोकाला नातू:
डॅनियल, नालबंद. हिंदुस्थानात गेला. पुढे माहिती नाही.

पुढची माहिती चहा गाळत होती.

दोन्ही कागद घोंगड्यावर शेजारी ठेवले.
"नवं मूळ लावायचं तर एक मेंढरू पडतंय, अक्का,
साक्षीला पाच माणसं. आन् मी विचारतो ते सांगायचं."
देव कुठला? सांगितला, क्रूसावरचा.
नदी? चार वेळा तोंडात घोळवून लिहिली.
जमीन? तीनशे एकर.
"कुणाची हुती?"

कागद उलटा केला, सुलटा केला.
सरकारनं दिली, म्हणून लिहिलंय.
"दिली की. घेतली कुणाकडनं?"
पेनाचं टोपण काढून तो तसाच बसला.
"गाव आधी कुणाचं, ते लिवल्याबिगर
आमच्यात नवा माणूस उतरवत न्हाईत वो.
मेलेलं माणूस वाटणीला उठून येतंय."

त्याच आठवड्यात नाक्यावर
पाटीवर कुणाची अक्षरं वर, यावरून दगड पडले होते.
मी चहाचा कप पुढं सरकवला.

रात्री लिहायला बसले.
मार्गारेटबाई, तुमच्या कागदावर डॅनियलला बायको नाही.
सिद्रामच्या चोपडीतही नाही. तो बायका उतरवत नाही,
वर्षाला सूपभर भात मीच घालते,
तरी मीही नाही त्यात.
पण आमच्याकडं एक तपेलं आहे पितळेचं,
बुडाला दोनदा डाग लावलेलं.
काठावर ठोक्याठोक्यानं काढलंय: बायजा.
ज उलटा आहे.
नालाच्या खिळ्यानं काढला असावा,
आणि ज्यानं काढला त्याला ही अक्षरं येत नव्हती,
कुणीतरी जमिनीवर गिरवून दाखवली असतील.
आम्ही त्यात पेज करतो. फोटो पाठवते आहे.

आणि एक विचारायचं होतं, त्या तीनशे एकरांचं.
घाई नाही. सिद्राम येणार पुढच्या मळणीला.
दान्याच्या वर त्यानं
बोटभर जागा कोरी सोडलीय,
मेंढराचे पैसे मात्र घेऊन गेला.